वाफ उतरली, पण गाडी कुणी थांबवली? वाशिम जिल्ह्यातील दोन लोहमार्गांचा आढावा

१५ एप्रिल १९९४ रोजी मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या कोळशाच्या इंजिनाला निरोप मिळाला आणि गाडीला डिझेल जोडले गेले. झेडडी वर्गाचे ते इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले आणि १९२३ पासून या रुळांवर जुंपलेले होते. सत्तर वर्षांवर चाकरी झाली. या मार्गावरच्या कारंज्याच्या बाजूला शकुंतलेचा, म्हणजे याच गाडीचा, विषय निघाला की बोलणे हमखास या इंजिनावर येते आणि ठरलेल्या निष्कर्षावर थांबते: कोळशाचे इंजिन गेले आणि गाडीची रया गेली. ऐकायला हे बरे वाटते, पण तारखांशी जुळत नाही. इंजिन गेल्यावर गाडी आणखी वीस वर्षे धावली. तिकडे वाशिम स्टेशनातूनही कोळशाचे इंजिन गेलेच, पण तिथली गाडी बंद पडली नाही. उलट आज तिथून तिरुपतीपर्यंत जाता येते. वाफ दोन्ही मार्गांवरची उतरली. मग एक मार्ग जगला आणि दुसरा का मेला?

या प्रश्नावर आजवर जे लिहिले-बोलले गेले त्यात हळहळ भरपूर आहे, हिशोब कमी. तो मांडायचा तर आधी नकाशा समोर घ्यावा लागतो.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे वाफेच्या युगात हा जिल्हाच नव्हता. त्याच्याही आधी एक बासिम जिल्हा होता. वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी तो एक. १९०५ मध्ये तो मोडला आणि अकोला-यवतमाळात वाटला गेला. विदर्भातल्या शाखामार्गांची आखणी जोरात असतानाच्या काळात या मुलखाला स्वतःचे जिल्ह्याचे ठाणे नव्हते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य मार्ग तर त्याआधीच, १८६७ पर्यंत, भुसावळहून नागपूरला पोहोचला होता. तो गेला पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून: शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी जलंबहून खास फाटा निघाला तो १८७० मध्ये. बासिम मात्र घाटावर राहिले.

आजही जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी रिसोड, मंगरुळपीर आणि मानोरा या तालुक्याच्या गावांना रेल्वे स्टेशन नाही. मालेगावलाही नाही, त्या तालुक्यातले स्टेशन जऊळक्याला आहे आणि ते गाव ‘जऊळका रेल्वे’ याच नावाने ओळखले जाते. उरली वाशिम आणि कारंजा. या दोन गावांना दोन वेगळ्या मार्गांनी, दोन वेगळ्या मापांच्या रुळांवरून आणि दोन वेगळ्या मालकांकडून रेल्वे मिळाली. कारंजा मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, वाशिम दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात. २००३ मध्ये नांदेड विभाग होण्यापूर्वी हैदराबादकडे. एका जिल्ह्यातल्या लोकांनी एकाच रेल्वेबद्दल तक्रार करायची म्हटली तर एक अर्ज मुंबईला जातो, दुसरा सिकंदराबादला. दोन्ही मार्गांच्या नशिबाचा फरक समजायला हा पत्ता पुढे उपयोगी पडेल.

आधी कारंज्याची गोष्ट. कापूस, जैन मंदिरे आणि नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान यांमुळे कारंज्याला वर्दळीचा तोटा कधीच नव्हता. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या गाठी मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत नेणे हा व्यापाऱ्यांचा खरा प्रश्न होता. त्या काळी सरकारचे शाखामार्गांबाबत धोरण असे होते की, खासगी कंपनीने भांडवल उभारावे, मार्ग बांधावा आणि गाड्या मात्र मुख्य मार्गाच्या रेल्वेने चालवाव्यात. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने त्याप्रमाणे १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, मिळून १८९ किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग १९१६ पर्यंत उभा राहिला. गाड्या जीआयपीने चालवायच्या आणि उत्पन्नातला ठरलेला हिस्सा कंपनीला द्यायचा, असा करार होता. अडीच फूट कशासाठी? रूळ हलके, वळणे तीव्र घेता येतात, पूल लहान, जमीन कमी, म्हणजे एकूण खर्च कमी. कंपनीच्या भागधारकांना ते परवडत होते. पण गाठींना मूर्तिजापुरात छोट्या डब्यातून उतरून मोठ्या डब्यात चढावे लागे. ही हमाली प्रत्येक गाठीवर बसे. सुरुवातीला वाचवलेला पैसा असा पुढे वर्षानुवर्षे थोडा थोडा द्यावा लागला.

वाशिमची गोष्ट उलट दिशेने, दक्षिणेकडून आली. निजामाच्या रेल्वेने हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर टाकला आणि त्यावरच्या पूर्णा स्टेशनातून १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत फाटा काढला. तिथे निजामाची हद्द जवळजवळ संपत होती आणि रेल्वेही संपली. हिंगोलीच्या स्टेशनाला आजही ‘हिंगोली डेक्कन’ म्हणतात. हिंगोलीपासून वाशिम काही फार दूर नाही, तरी मधली संस्थानाची सीमा ओलांडायला रुळांना स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. पंचवार्षिक योजनांच्या काळात खांडवा-हिंगोली जोडमार्ग हाती घेतला गेला आणि १९६० च्या आसपास तो पूर्ण झाला. हिंगोली, वाशिम, अकोला, अकोट, मेळघाटाचे जंगल आणि पुढे खांडवा. या जोडमार्गाने उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातली मीटरगेजची दोन जाळी एकमेकांना मिळाली. राजस्थानातून निघालेला मीटरगेजचा डबा रूळ न बदलता हैदराबादला जाऊ लागला, तो वाशिमवरून. जयपूर-सिकंदराबाद मीनाक्षी एक्सप्रेस ही या मार्गाची मानाची गाडी. एरवी आडवळणी समजला जाणारा हा गाव तीस-पस्तीस वर्षे देशाच्या एका हमरस्त्यावर होता, याचा वाशिमकरांनाही विसर पडत चालला आहे.

या मार्गाची एक गंमत अशी की तो एका पूर्णेकडून दुसऱ्या पूर्णेकडे जातो. अकोला तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात. पूर्णा जंक्शन गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णेच्या काठी. मधला पाणलोटाचा कणा म्हणजे वाशिमचे पठार. काटेपूर्णा इथून उत्तरेला उतरते, पैनगंगा दक्षिणेकडून वाहते. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्याही खाली, वाशिम साडेपाचशेच्या घरात. म्हणजे अकोल्याहून निघालेल्या गाडीला बार्शीटाकळीच्या पुढे वाशिमपर्यंत अडीचशे मीटर चढायचे. नकाशावरची ही चढण प्रवाशाला जाणवत नाही, फायरमनला जाणवे.

वाफेच्या इंजिनावर दोन-तीन माणसांचे काम नेमके काय असे, हे आता सांगावे लागते. गाडी सकाळी निघायची तर इंजिन पेटवायला त्याच्या कितीतरी तास आधी शेडमध्ये माणूस हजर. थंड बॉयलर एकदम तापवला तर पत्रे आणि नळ्यांचे जोड ताणतात, म्हणून आच हळूहळू वाढवायची. गाडी सुटली की फायरमनने बेलच्याने कोळसा टाकायचा, पण नुसता ढकलायचा नाही. भट्टीच्या मागच्या कोपऱ्यांत जास्त, मधे पातळ, आणि दार उघडे राहील तेवढा वेळ कमीत कमी, कारण उघड्या दारातून थंड हवा आत गेली की वाफ पडते. आपल्याकडच्या कोळशात राख फार. ती जाळीवर साचली की हवा खालून चढत नाही, मग सळईने निखारा हलवायचा. चढाला लागण्यापूर्वीच आग जाड आणि वाफ काठोकाठ ठेवायची, कारण चढावर कमी पडलेली वाफ चढावर भरून निघत नाही. पावसाळ्यात रूळ ओले झाले की चाके जागच्या जागी गरगरतात. तेव्हा इंजिनाखालच्या नळीतून रुळांवर वाळू सोडायची. आणि या सगळ्यात एक डोळा पाण्याच्या काचनळीवर. भट्टीवरच्या पत्र्यावरून पाणी खाली गेले तर बॉयलर फुटण्याचाच धोका.

पाण्याचा मामला वऱ्हाडात अधिक बिकट. अकोला-मूर्तिजापूरचा बराचसा भाग खारपाणपट्ट्यातला, भूगर्भातले पाणी क्षारांनी भरलेले. आंघोळीच्या बंबाला आतून जशी पांढरी खापरी धरते तशीच ती बॉयलरच्या नळ्यांना धरते. उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, कोळसा वाया जातो. पाणी फारच खारट असले तर फेस येऊन वाफेबरोबर पाणीच सिलिंडरमध्ये शिरते. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून बॉयलर धुण्याला पर्याय नसे. धुण्याच्या दिवशी इंजिन गाडी ओढत नाही, म्हणजे तेवढ्यासाठी जादा इंजिन बाळगणे आले. पाणी भरणारे, राख काढणारे, कोळसा चढवणारे, बॉयलर धुणारे, असा मोठा कबिला एका इंजिनामागे उभा असे. पूर्णेचे लोकोशेड हे अशा कबिल्याचे मराठवाड्यातले मोठे ठिकाण. ते गावच रेल्वेवर वसले.

वाफ का गेली, याचे उत्तर या कबिल्यातच आहे. कोळशातली जेमतेम सहा-सात टक्के उष्णता रुळावर ओढ म्हणून उतरे. डिझेल याच्या चौपटीहून अधिक काम काढते. डिझेल इंजिन बटणावर सुरू होते, पाण्यासाठी थांबत नाही, राख काढावी लागत नाही. भारतीय रेल्वेकडे १९५०-५१ मध्ये ८,१२० वाफेची इंजिने होती. १९६०-६१ मध्ये ती १०,३१२ झाली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर वाफ आधी वाढली. मीटरगेजसाठी वायपी आणि वायजी ही दणकट इंजिने शेकड्यांनी बनली, जमशेदपूरच्या टेल्कोतही बनली. वाशिमचा जोडमार्ग नेमका या भरात सुरू झाला. चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेचे इंजिन बनवणे १९७२ मध्ये थांबवले. १९७३ च्या तेलसंकटाने कोळशाला थोडे जीवदान दिले, तरी १९८०-८१ मध्ये ७,४६९ वर असलेला आकडा १९९०-९१ मध्ये २,९१५ वर आला आणि २००० च्या अखेरीस पन्नास-साठ इंजिने उरली, तीही बहुतेक डोंगरी आणि हौशी गाड्यांची. खरी पडझड १९८० ते १९९० या एकाच दशकातली आहे. त्या हिशोबाने शकुंतलेचे इंजिन १९९४ पर्यंत टिकले हे जुनेपणाचे कौतुक नव्हे. या मार्गासाठी नवे काही आणायची कुणाला गरज वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता शकुंतलेच्या मरणाची कारणे म्हणून जे जे सांगितले जाते ते एकेक तपासू.

पहिले कारण इंजिनाचे. ते वर आलेच: डिझेल आल्यावरही गाडी दोन दशके धावली, म्हणून ते टिकत नाही. उलट डिझेल आले नसते तर गाडी १९९४ च्या आगेमागेच बंद पडली असती. देशातली शेवटची नियमित ब्रॉडगेज वाफेची गाडी पंजाबात डिसेंबर १९९५ मध्ये धावली. सुटे भाग, कोळसापुरवठा आणि बॉयलरचे जाणकार हे सगळे एका लहानशा मार्गासाठी वेगळे पोसणे कोणत्याही रेल्वेला झेपणारे नव्हते.

दुसरे कारण रस्त्याचे, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. एसटीची लाल गाडी घराजवळ थांबते. शकुंतलेला मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटर कापायला चार तास लागत. माल ट्रकने हिरावला. जिनिंगच्या दारातून उचललेली गाठ ट्रक थेट गिरणीच्या दारात उतरवतो; मूर्तिजापुरातली ती जुनी हमाली तिथे उरतच नाही. शिवाय वाशिम जिल्ह्यात कापसाची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. कापसासाठी टाकलेल्या मार्गाखालून कापूसच सरकला. तरीही रस्त्यावर सगळा दोष टाकता येत नाही. रस्ता अकोला-वाशिमलाही आहे, एसटी तिथेही आहे, आणि तिथली रेल्वे भरून धावते.

तिसरे कारण गेजचे. प्रोजेक्ट युनिगेज १९९२ मध्ये सुरू झाला आणि रेल्वेने ठरवले की शक्य तिथे एकच माप ठेवायचे, ब्रॉडगेज. मनमाड-औरंगाबादपासून मराठवाड्याचे मीटरगेज टप्प्याटप्प्याने रुंद होत गेले आणि २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्गाचे काम पार पडले. वाशिमवरून आज काचीगुडा-नरखेड, तिरुपती-अमरावती अशा गाड्या जातात. कारंज्याचे मात्र माप बदलले नाही. का? १८९ किलोमीटर काही फार नव्हते. गर्दी कमी म्हणावी तर मराठवाड्यातल्या काही रुंद झालेल्या मार्गांवरही ती बेताचीच होती.

इथे चौथ्या कारणाशी येतो, आणि माझ्या मते हेच मुख्य. हा मार्ग सरकारचा नव्हता. १९५१ मध्ये जीआयपी, निजामाची रेल्वे वगैरे मिळून मध्य रेल्वे झाली, पण सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे रूळ कंपनीकडेच राहिले. जुना करार नूतनीकरण होत पुढे चालू राहिला. चालवणारी रेल्वे म्हणे, रूळ आमचे नाहीत, त्यांत पैसा कसा घालायचा? कंपनी म्हणे, गाडी तुम्ही चालवता, देखभाल तुमची. रूळ झिजले, वेग कमी करावा लागला, वेग कमी झाला म्हणून प्रवासी कमी झाले, प्रवासी कमी म्हणून पैसा घालायला कारण उरले नाही. शेवटच्या काळात मोजकी माणसे सगळी कामे करत. गार्डच तिकिटे देई, इंजिन सोडणे-जोडणे हातानेच होई. ही काटकसर कुणी धोरण म्हणून ठरवलेली नव्हती. निर्णय न घेतल्याने ती आपोआप घडत गेली.

तुलनेला बार्शी लाइट रेल्वे घ्या. एव्हरार्ड कालथ्रॉपने १८९७ मध्ये सुरू केलेली, याच अडीच फुटी मापाची, लंडनमधल्या कंपनीची. कापूस, शेंगदाणा, पंढरपूरचे वारकरी, अशीच वाहतूक. सरकारने १९५४ मध्ये ती विकत घेतली. मालकीचा प्रश्न सुटला म्हणून तिच्याबद्दल निर्णय घेता आला; एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत लातूर-कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. माप तेच, मुलूख तसाच दुष्काळी, एसटी तिथेही. फरक पडला तो त्या एका खरेदीखताने. मूर्तिजापूरचा मार्ग त्याच सुमारास विकत घेतला असता तर कारंज्याला आज ब्रॉडगेज असते, असे छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. पण निदान ‘हो’ किंवा ‘नाही’ असे काहीतरी ठरले असते.

याच संदर्भात वृत्तपत्रांना आवडणारी एक कथा आहे: स्वतंत्र भारतातली ही एकमेव रेल्वे म्हणे अजून इंग्रजांची आहे आणि आपण त्यांना दरवर्षी खंडणी भरतो. बातमीला मथळा झकास मिळतो. पण किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली आणि तिचा कारभार मुंबईतून चालत आला. हिस्सा जात होता तो साता समुद्रापार नव्हे. ‘गोऱ्यांची रेल्वे’ म्हणून जो संताप व्यक्त होतो त्यात आपल्याच सरकारची आणि आपल्याच कंपनीची पन्नास-साठ वर्षांची चालढकल झाकली जाते.

२०१६ च्या सुमारास कारंज्यावरून जाणारी गाडी थांबली. अचलपूरची बाजू त्यानंतर काही काळ चालली आणि तीही बंद झाली. २०१६ मध्येच रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात गेजबदलासाठी दीड हजार कोटींच्या मंजुरीची घोषणा झाली होती. रूळ मात्र बदलले नाहीत. मधल्या काळात वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग आकाराला आला. त्याचा वर्धा-कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. यवतमाळ या मार्गाने मोठ्या लाइनीला लागले की शकुंतला पुन्हा सुरू करा म्हणणाऱ्यांतला सर्वांत मोठा गाव गळतो. मग मागणीचे ओझे कारंजा आणि दारव्हा यांच्यावरच उरेल. कारंज्याच्या पुढाऱ्यांनी हे गणित वेळेत ओळखलेले दिसत नाही. मूर्तिजापूरची जुनी वाट धरून बसायचे, की कारंजा-मंगरुळपीरमार्गे वाशिम-बडनेरा या जुन्या मागणीला जोर लावायचा, हे ठरवायला हवे. दुसरा पर्याय जिल्ह्याच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे. त्याने वाशिम आणि कारंजा पहिल्यांदाच एकाच रुळाने जोडले जातील आणि मंगरुळपीरला रेल्वे मिळेल. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला तेव्हा ‘आता रेल्वे कशाला’ असा सूर निघाला होता. सोयाबीनची पोती आणि पुण्या-मुंबईला जाणारा मजूर यांचा द्रुतगती मार्गाच्या टोलशी मेळ बसत नाही, एवढेच त्यावर उत्तर.

वाशिमच्या मार्गाचे सगळेच गोड झाले असेही नाही. पूर्णा ते अकोला रुंद झाले, पण अकोला ते खांडवा मीटरगेजच राहिले आणि २०१७ च्या प्रारंभी तेही बंद झाले. अकोला-अकोट तेवढे रुंद होऊन २०२२ मध्ये गाडी सुरू झाली. पुढे मेळघाट व्याघ्रप्रकल्प आहे. जुना मार्ग जंगलाच्या पोटातून जातो. धूळघाटाजवळ चढण आवाक्यात आणायला रूळ स्वतःलाच वळसा घालून स्वतःच्याच वरून जातात, अशी वाफेच्या काळातली करामत तिथे आहे. तिथूनच ब्रॉडगेज न्यायची की जंगलाबाहेरून, यावर वाद झाला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २०२० मध्ये रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग बाहेरून नेण्याची मागणी केली. मला ती रास्त वाटते. बाहेरून जाणाऱ्या मार्गावर गावे आहेत, आतल्या मार्गावर वाघ आहेत, आणि तिकीट काढतात ती गावे. पण या सगळ्यात वाशिमचा उत्तरेकडचा थेट रस्ता तुटला तो तुटलाच. जयपूरची गाडी आता वाशिमच्या फलाटावर येत नाही.

वाफ गेल्याचा खरा फटका गाडीपेक्षा माणसांना बसला. बेलचा मारणारा, राख ओढणारा, बॉयलर धुणारा या जागा डिझेलबरोबर गेल्या. गेज बदलले तसे पुढे जाण्याच्या परवान्याचा, म्हणजे टोकनचा, गोळा वेताच्या कड्यात अडकवून धावत्या इंजिनाला देणारे हातही मोकळे झाले. बरेच जण दुसऱ्या कामांवर घेतले गेले, पण हातातले कसब निरुपयोगी झाले. काळ्या धुराचे आणि शिट्टीचे गोडवे गाणाऱ्यांनी भट्टीपुढे मे महिन्यात उभे राहून पाहायला हवे होते. वऱ्हाडातला मे, त्यात पाठीमागे कोळसा आणि समोर आग. कुठल्याही फायरमनने मुलाने हीच नोकरी करावी म्हणून नवस बोलला असेल, असे मला वाटत नाही.

जपणुकीचे म्हणाल तर महाराष्ट्रात ती बरीवाईट झालेली आहे. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे, नेरळ-माथेरानची गाडी अजून धावते. कारंजा आणि वाशिमसाठी असे काही नाही. शकुंतला पर्यटनाची गाडी म्हणून पुन्हा चालवावी, अशी सूचना अधूनमधून होते. मला ती पटत नाही. माथेरानला डोंगर आहे आणि मुंबई जवळ आहे. कारंज्याला यातले काही नाही. तिथे लोकांना तिकीट परवडणारी, वेळेवर पोहोचणारी गाडी हवी आहे, दार्जिलिंगची नक्कल नको.

जपायचे ते दुसरे आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. १९९४ मध्ये पंचविशीत असलेला फायरमन आज निवृत्तीला टेकला आहे किंवा निवृत्त झाला आहे; ज्यांनी तीस-तीस वर्षे कोळसा टाकला ते सत्तरी-ऐंशी ओलांडलेले आहेत. मूर्तिजापूर, कारंजा, वाशिम, हिंगोली, पूर्णा इथल्या रेल्वेच्या चाळींत आणि पुढे बांधलेल्या घरांत ही माणसे आहेत. वाशिमच्या चढावर पाणी कुठे घेत, दुष्काळात बॉयलरला पाणी कुठून आणले, मूर्तिजापुरात एका गाठीची हमाली किती पडे, डिझेल आले तेव्हा कोणाची बदली कुठे झाली, हे कोणत्याही सरकारी अहवालात मिळत नाही. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हेच काम द्यावे. आणि ज्यांच्या घरात जुनी ड्यूटीची वही, कामाचे वेळापत्रक, टोकनचे कडे किंवा शेडमधला एखादा फोटो असेल त्यांनी तो भंगारात घालण्यापूर्वी त्याची नीट नक्कल काढावी, मागे गाव, साल आणि माणसांची नावे लिहावीत आणि एक प्रत आपल्या गावच्या ग्रंथालयात द्यावी.